सूपभर कोंड्यावर घेतलेलं बाळ

ज्या घरात चार वर्षांची बोलकी मुलगी आणि पाळण्यातलं बाळ एका छपराखाली नांदतं, त्या घरच्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. आंघोळीला बसावं तर एक, जेवायला बसावं तर दुसरा, आणि कोर्टात जायला पगडी उचलावी तर पगडीत तिसरा! खरंच सांगतो, एकदा माझ्या पगडीतून चिंचोके पडले. घरी नव्हे, भर कोर्टात, साहेबाच्या टेबलावर.

आमच्या ठाण्याच्या कोर्टात दुपारी आम्ही कारकून मंडळी मागच्या ओट्यावर फराळाच्या पुरचुंड्या सोडून बसतो. पूर्वी तिथं खून, मारामाऱ्या आणि बांधाची भांडणं निघायची. हल्ली पुरचुंडीची गाठ सुटायच्या आधी कोणीतरी विचारतं, "काय बापूराव, गोदीचा आजचा रिपोर्ट काय?" मी थोडे आढेवेढे घेतो, आणि मग सांगतोच. इतकं साठलंय की न सांगून करतो काय!

*

पण आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आमचं घर वेड्यांचं वाटेल.

गोदीच्या आधी आम्हाला दोन मुलगे झाले. दोन्ही गेले. पहिला फार लहान होता. दुसरा भिंतीला धरून चालायला लागला होता, आणि चैत्रात तापानं गेला. गोदी तेवढी टिकली. त्यामुळे तिच्या पाठीवर पुन्हा मुलगा झाला तेव्हा घरात आनंद झाला, पण तो तोंडावर दाखवायची कोणाची छाती होईना. बायको बाळाकडे बघायची आणि लगेच दुसरीकडे बघायची.

मग आत्याबाईंनी सूत्रं हाती घेतली. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लहानपणी विधवा झाल्या, मला त्यांनीच वाढवलं. तोंडात एक दात उरलेला नाही, पण जीभ शाबूत. सोवळं इतकं कडक की गल्लीतून रोजाबाय कोळंबीची टोपली घेऊन गेली आणि तिची सावली हंड्यावर पडली, तर हंडा चिंचेनं घासून निघालाच पाहिजे. रोजाबाय ही तळ्यापलीकडच्या किरिस्तावांच्या आळीतली.

बाराव्या दिवशी सकाळी त्याच आत्याबाईंनी त्याच रोजाबायला दारात थांबवलं, माझा मुलगा सुपात घातला आणि उंबऱ्यावरून तिच्या हातात दिला!

"घे बाई. हा तुझा. आम्हाला नको."

रोजाबायला ही रीत ठाऊक होती. तिनं सुपात डोकावून नाक मुरडलं. "कसला काला गो हा! बरं, आणलाच हाय तर घेतला."

"आता आम्हाला विकत दे."

"काय देशील?"

"सूपभर कोंडा."

"दे. याला तेवढाच पुरे."

कोंडा टोपलीत पडला आणि बाळ घरात परत आलं. हेतू असा, की मूल परक्याचं, तेही कोंड्याच्या मोलाचं. असल्या मालावर काळ तरी कशाला डोळा ठेवील? बाळाचं नाव पडलं कोंडू. खरं नाव बारशाला कानात सांगितलं, ते वर्षभर कोणी उच्चारायचं नव्हतं. वर आत्याबाईंचे दोन कायदे. एक, बाळाला कोणी चांगलं म्हणायचं नाही. दोन, वर्ष पुरं होईपर्यंत कोणी त्याला 'आमचं' म्हणायचं नाही. विचारलंच कोणी, तर रोजाबायचं!

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. आमची मंडळी दाराआड उभी होती. सूप परत आत येईपर्यंत तिनं चौकट सोडली नाही.

गोदी हा सगळा सौदा तोंडात बोट घालून बघत होती. इतका वेळ ती गप्प राहिली यातच मला धोका दिसायला हवा होता. तिनं बोट काढलं.

"आत्याबाई, मला कितीला घेतलं?"

आत्याबाई घाईत होत्या. "तुला कोण विकत घेतंय? तू फुकट!"

गोदीचा खालचा ओठ पुढं आला. दुपारपर्यंत पाणक्या, परटीण, देवळातले गुरव आणि समोरचे पेन्शनर अण्णा, सगळ्यांना बातमी लागली होती. "आमच्याकडे बाळ आणलंय. ते सूपभर कोंड्याचं. मी फुकट!"

*

बाळ बघायला बायका येऊ लागल्या. आत्याबाई दारातच सांगायच्या, "कसलं बाळ नि काय! माकड आहे नुसतं. काळंबेंद्रं. कान बघा, सुपाएवढे." (कान मोठे आहेत हे खरं. ते माझ्याकडून आले.)

एकदा आमच्या कोर्टाचे शिरस्तेदार, म्हणजे आम्हा सगळ्या कारकुनांचे वरचे, यांच्या पत्नी आल्या. भारदस्त बाई. बरोबर नातू होता, गोरापान, गुटगुटीत, गळ्यात सोन्याची साखळी. आत्याबाईंनी आपलं माकडपुराण सुरू केलं. बाई समजूतदारपणे माना डोलवत होत्या.

"बाहेर माकड म्हणते," गोदीनं खुलासा केला, "आणि आत नेऊन सोन्या, राजा, चंद्रा म्हणते. रोज म्हणते."

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी गोदीला आत नेली आणि मीठमोहऱ्या ओवाळता ओवाळता समजावलं, की बाई गं, लहान बाळाला वाईटच म्हणावं, तेच त्याच्या भल्याचं असतं. शहाण्या मुली वाईटच म्हणतात.

गोदीला पटलं. तिला पटलं की फार पटतं. ती बाहेर आली, शिरस्तेदारांच्या नातवापुढे उभी राहिली, त्याला नीट न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणाली, "शी! काय घाणेरडं ध्यान आहे! बेडूक दिसतो. असलं कोण घरात ठेवतं?"

मग शाबासकीसाठी आत्याबाईंकडे बघितलं.

मी रात्रभर नोकरीची चिंता करत पडलो. दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारसाहेबांनी बोलावलं. मी घाम पुसत उभा राहिलो.

"तुमच्या कन्येनं आमच्या नातवाचं फारच भलं चिंतलं म्हणे?"

"साहेब, ती लहान आहे..."

"तिला आठवड्यातून एकदा पाठवत जा," साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले. "आमच्या घरात सगळे त्याला राजपुत्र म्हणतात. कार्टं लाडानं बिघडत चाललंय."

*

श्रावणात आत्याबाई जेवताना मौन धरतात. गोदीनं ते बघितलं आणि जाहीर केलं, "मीपण मौन धरणार!"

आमच्या घरात दिवाळी श्रावणातच आली. बायकोनं तिच्या आवडीच्या पुरणपोळ्या केल्या. मी म्हटलं, एक जेवण तरी शांतपणे होईल.

पान वाढलं तरी गोदीचा पत्ता नाही. शोधायला गेलो तर ती गल्लीच्या पार टोकाला. घराघरात शिरून सांगत होती, "मी आज मौन धरलंय. माझ्याशी कोणी बोलू नका. का धरलंय विचारा!"

*

दिवाळीला सासुरवाडीला, कल्याणला, बाळ दाखवायला निघालो. मी, मंडळी, आत्याबाई, गोदी आणि दुपट्यात कोंडू. गाडीत जागा होती, हवा छान होती, आणि समोर एक कल्याणचे व्यापारी कुटुंबासह बसले होते. खाडीचा पूल लागला, कळवा मागं गेलं, आणि गोदी त्यांच्या बाकावर सरकली.

"आमच्याकडे हे बाळ आहे ना, ते आमचं नाही."

"असं?" व्यापाऱ्याची बायको हसली.

"रोजाबायचं आहे. कोंडा दिला नि आणलं. ती किरिस्ताव आहे. आता आम्ही त्याला कल्याणला नेतो. त्याचं खरं नाव कोणाला सांगायचं नाही. गुपित आहे."

बाईचं हसू मावळलं. व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, दुपट्याकडे बघितलं, आणि कल्याणला उतरताच स्टेशनावरच्या हवालदाराच्या कानाशी लागला. हवालदार मिशी सावरत आला.

"काय हो, हे मूल कोणाचं?"

काय सोपा प्रश्न! जगातला कोणताही बाप झोपेतसुद्धा उत्तर देईल. मी तोंड उघडलं. शेजारून आत्याबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की उघडलेलं तोंड तसंच राहिलं. वर्ष पुरं झालेलं नव्हतं.

"म्हणजे तसं बघाल तर..." मी म्हणालो.

"तुमचं आहे की नाही?"

"ते रोजाबायचं," आत्याबाई ठासून म्हणाल्या.

"बघा! मी सांगितलं होतं!" गोदी म्हणाली.

हवालदारानं माझ्या बायकोला विचारलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हुंदका दिला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे मला अजून कळलेलं नाही. आमची वरात स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेली. मी, कोर्टाचा कारकून, रोज लोकांना खरं बोलायची शपथ घालताना बघणारा, मूल चोरल्याच्या संशयावरून उभा! मास्तर वयस्कर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, दुपटं थोडं बाजूला केलं, मग मला म्हणाले, "पगडी काढा."

मी काढली.

मास्तरांनी एकदा माझ्या कानांकडे बघितलं, एकदा कोंडूच्या. "हवालदार," ते म्हणाले, "रोजाबाय कोण असेल ती असो. माल यांचाच आहे. जाऊ द्या."

*

कल्याणला सासरे गाय बाळगून आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गायीच्या घमेल्यातला कोंडा कमी झाला आणि गोदी दिसेना. मी म्हटलं, गेली मौन धरायला.

थोड्या वेळानं ती दारातून आत आली. परकराच्या ओच्यात कोंडा भरलेला, आणि मागं दोन मुली एकमेकींचा हात धरून. दोघी गोदीपेक्षा लहान.

"या कोण गं?"

"माझ्या बहिणी. मी आणल्या. कोंडू नुसता रडतो, खेळत नाही. मी कोंडा घेऊन गेले, म्हटलं एक मुलगी द्या."

झालं असं, की पलीकडच्या आळीत एका घरी सात मुली. गोदीनं त्यांच्या आईपुढे ओचा धरून मागणी घातली तेव्हा ती बिचारी सकाळपासून सातांच्या वेण्या घालत होती. ती म्हणाली, "कोंडा राहू दे बाई तुझ्याकडे. एक कशाला, दोन ने. जेवूनच पाठव."

गोदीनं ओच्यातला सगळा कोंडा मला दाखवला. तिचा चेहरा फुलला होता. "बाबा, सगळा उरला! या पण माझ्यासारख्याच, फुकट मिळाल्या!"

मुली संध्याकाळी घरी गेल्या. पण 'फुकट' हा शब्द तिनं असा उच्चारला, की मी तिला उगीचच उचलून घेतलं. आत्याबाईंनीही ऐकलं होतं.

*

रोजाबाय आपला हक्क विसरणारी नव्हे. जाता येता दारात टोपली टेकून ओरडायची, "माजा पोऱ्या कसा हाय? नीट सांबाला हां, नाय तर घेऊन जाईन!" गोदी धावत आत जायची आणि पाळण्यापुढे दोन्ही पाय रोवून उभी राहायची.

नाताळाला रोजाबायनं आपल्या 'पोऱ्या'साठी ताट पाठवलं. नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, आणि शंकरपाळ्यांसारखे कुलकुल. आता आत्याबाईंची पंचाईत! ताट परत करावं तर विकणारणीचा अपमान, म्हणजे सौदा मोडल्यासारखा. ठेवून घ्यावं तर किरिस्तावाघरचं! त्यांनी ताट खिडकीत ठेवलं आणि वर केळीचं पान झाकलं.

पान हललं. गोदीच्या तोंडात अख्खी नेवरी.

"अगं, बाटलीस!"

"मग कोंडू पण बाटलेला का? तो तर रोजाबायचाच आहे."

"तान्ही मुलं बाटत नाहीत."

"कधीपर्यंत?"

आत्याबाईंनी जरा विचार केला. शास्त्र त्यांना जागच्या जागी सुचतं. "दात येईपर्यंत."

गोदीनं नेवरी चावता चावता त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग ताट उचलून त्यांच्यापुढे धरलं. "मग तुला चालेल की! तुला कुठं दात आहेत?"

कुलकुल कडक असतात. दात नसतील तर ते दुधात भिजवूनच खावे लागतात. मी एवढंच सांगतो, की संध्याकाळी खिडकीतलं ताट रिकामं होतं, मोरीत दुधाची वाटी पडली होती, आणि आत्याबाईंनी त्या दिवशी उपास आहे म्हणून सांगितलं होतं.

*

आता शेवटचा. हा मी कोर्टाच्या ओट्यावर एकदाच सांगितला. नंतर सगळे पुरचुंड्या बांधून उठले.

शिमगा झाला आणि कोपरीच्या बाजूला देवी आल्याची बातमी आली. सरकारचा देवी टोचणारा डॉक्टर चावडीवर बसला होता. आत्याबाई नको म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही, कोंडूला टोचून आणलं. काही दिवसांनी त्याला ताप भरला. डॉक्टर म्हणाला, टोचल्यावर ताप येतोच, उतरेल. आत्याबाईंनी जपमाळ हातात घेतली. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चैत्र लागला होता. दुसरा मुलगा गेला तो याच महिन्यात, अशाच तापानं. वर्ष पुरं व्हायला थोडंच उरलं होतं.

देवी आलेल्या घरासारखी घरातली फोडणी बंद झाली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. मी कोर्टात गेलो नाही. मंडळींनी कोंडूला मांडीवरून खाली ठेवलं नाही. तो रडत नव्हता, दूधही ओढत नव्हता. नुसता निपचित पडून होता, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो होतो.

आणि गोदी बोलत नव्हती. सकाळपासून एक शब्द नाही. उंबऱ्यावर बसून होती. या मुलीनं घटकाभर गप्प बसावं म्हणून मी किती नवस बोललो असेन! त्या दिवशी मला ते सहन होईना. "गोदे, काहीतरी सांग गं," मी म्हटलं. तिनं मान हलवली.

ऊन कलताना गल्लीत ढोलकं वाजलं. मरीआईची बाई आली होती. डोक्यावर देवीचा डाला, मागं ढोलकंवाला. दरवर्षी येतात. आमच्या दारावरचा डहाळा बघून बाई थांबली.

"आई आली गं दारी! लेकराला अंगारा लाव, माय!"

मी उठायच्या आत गोदी उठली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात पोचत नव्हते, तरी तिनं ते पसरले आणि दार अडवून उभी राहिली.

"आत लेकरू नाही," ती म्हणाली.

बाई हसली. "मग त्यो पाळणा कुणाचा गं?"

"तो रोजाबायच्या पोराचा. तो आमचा नाही. कोंड्यावर घेतलाय. काळा आहे. माकड आहे. त्याचे कान सुपाएवढे आहेत. सारखा रडतो. त्याला नेऊन काही उपयोग नाही."

वर्षभर जिनं घरातली एकेक गोष्ट गल्लीत नेऊन ओतली, तिनं आपल्याला शिकवलेला एकूण एक शब्द आज बरोबर म्हटला. आत आत्याबाईंच्या हातातली जपमाळ थांबली.

"आन् तुमचं लेकरू कोन्तं मग?" बाईनं सहज विचारलं.

गोदीनं विचार केला. मान वर करून तिनं बाईकडे नव्हे, डाल्यातल्या देवीकडे बघितलं.

"मी," ती म्हणाली. "मी आमची. मी चांगली आहे. मला आख्खी आरती येते. आणि मी फुकट आहे."

ढोलकं बंद पडलं.

माझ्या शेजारून वाऱ्यासारखं काहीतरी गेलं. त्या आत्याबाई होत्या. त्यांनी गोदीला मागून दोन्ही हातांनी कवटाळलं. "नाही हो आई, नाही! ही पण आमची नव्हे! पोर काही कळून बोलत नाही! बापू, बघतोस काय मेल्या, सूप आण! रोजा! अगं रोजा!"

रोजाबाय बाजारातून रिकामी टोपली घेऊन परतत होती. आत्याबाई सोवळ्यानिशी रस्त्यात उतरल्या, आपल्या हातानं तिचा हात धरला आणि तिला ओढत दारात आणली. गोदी सुपात मावेना. ती सुपात कशीबशी बसली, पाय बाहेर लोंबत होते. दोघी म्हाताऱ्यांनी दोन बाजूंनी सूप उचललं.

"घे, ही तुझी," आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. "आम्हाला नको. मुळीच नको."

रोजाबायनं गोदीकडे बघून नाक मुरडायचा प्रयत्न केला, पण तिला ते नीट जमलं नाही. तिनं छातीवर कुरुस काढला. "ही तर त्याच्यापरीस काली," ती म्हणाली. "घेतली. आता काय देशील?"

आत्याबाईंनी गोदीला खाली उतरवलं, आत जाऊन सूपभर कोंडा आणला आणि टोपलीत ओतला. मग गोदीकडे बघितलं.

"थांब," त्या म्हणाल्या. पुन्हा आत गेल्या. मडकं खरवडल्याचा आवाज आला. त्या दुसरं सूप घेऊन आल्या, शिगोशीग भरलेलं.

मरीआईच्या बाईनं गोदीच्या कपाळाला चिमूटभर कुंकू लावलं आणि काही न मागता निघाली. गल्लीचं टोक येईपर्यंत ढोलकं वाजलं नाही.

एवढ्या गलक्यानं कोंडू दचकून जागा झाला आणि रडायला लागला. चांगला खणखणीत रडला. आतून मंडळींचा आवाज आला, "अहो! इकडे यावं लवकर! ओढतोय! दूध ओढतोय!"

आम्ही सगळे आत धावलो. रोजाबायसुद्धा आली, थेट माजघरापर्यंत, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. गोदी सगळ्यांच्या मागून, टोपलीतला कोंडा पुन्हा एकदा बघून, सावकाश आली. तिनं आईचा पदर बाजूला केला आणि कोंडूच्या त्या भल्यामोठ्या कानाला तोंड लावलं.

"कोंडू, ऐक," ती म्हणाली. "तू एक सूप. मी दोन."